उत्तरेच्या वाऱ्यावरची मोटर

मोटरीत बसण्याआधी तो उजव्या हाताचं बोट जिभेवर ओलं करी, डोक्याच्या वर धरी आणि डोळे मिटून वारा बघत उभा राही. मग म्हणे, "उत्तरेचा हाय. सुटूया." वारा उत्तरेचा नसला, तर बोट कमरेच्या रुमालाला पुसून मुकाट्याने घरात जाई. त्या दिवशी मोटर सुटत नसे.

मोटरीला वाऱ्याशी काय घेणंदेणं, असा प्रश्न तुम्हांला पडला असेल. मलाही पडला होता आणि मी तो त्याला विचारलाही. त्याने माझ्याकडे असं काही पाहिलं, की हा माणूस पोरांना शाळेत शिकवतो तरी काय, अशी शंका माझी मलाच आली.

मी घाटावरचा. सन एकोणीसशे तिसाच्या आधी एक-दोन वर्षं बदली होऊन किहीमला मास्तर म्हणून आलो, तेव्हा तो माझ्या शेजारच्या वाडीत राहत होता. सगळं गाव त्याला तांडेल म्हणे. उभं आयुष्य त्याने मचवा हाकला होता, रेवसहून मुंबई आणि मुंबईहून रेवस. मी आलो तेव्हा त्याने समुद्र सोडून दोन वर्षं झाली होती. आता त्याच्या हाताखाली ना मचवा होता ना खलाशी. होती फक्त एक मोटर, आणि तिच्यावर तो मचव्याचाच कायदा चालवत होता.

मोटर त्याने विकत घेतली नव्हती. इतका वेडा तो नव्हता. किनाऱ्यावर बंगला बांधलेल्या मुंबईच्या एका शेटने ती आणवली होती. लांबलचक नाकाची, दोनच माणसांची, लालभडक, विलायतेत म्हणे शर्यती धावलेली. दोन मचवे एकमेकांना बांधून, वर फळ्या टाकून, त्या फळ्यांवर ती आमच्या तांडेलानेच खाडीपार केली होती, आणि तिला ओरखडासुद्धा पडू दिला नव्हता. पुढे शेट तिच्यात बसला आणि पहिल्याच दिवशी बंगल्यासमोरच्या पुळणीत रुतला. दोन पावसाळ्यांत खाऱ्या हवेने तिचा रंग खाल्ला. मग शेटला घोड्यांचा नाद लागला. "ले जाव, तांडेल. तुमको बक्षीस," असं म्हणून त्याने हात झटकले. ज्याला मोटर चालवता येत नाही अशा माणसाला चालत नसलेली मोटर देणं, याला मोठ्या माणसांचं औदार्य म्हणतात.

तांडेलाला ती हवी होती बायकोसाठी. तांडेलीण किनाऱ्यावर माशांची पाटी घेऊन पडली तेव्हा तिचा खुबा मोडला होता, आणि वैदूने तो मन लावून वाकडा बांधला होता. बैलगाडीचा एक दचका बसला की तिला घेरी येई. तिचं माहेर चौलला. तिथे तिची आई होती, फार म्हातारी आणि डोळ्यांनी पार अधू. दरवर्षी शिमग्याला तिचा निरोप येई, "पोरीला एकदा आना." चौलला जायचं म्हणजे दक्षिणेला जायचं, आणि दक्षिणेला जायला उत्तरेचा वारा पाठीशी लागतो. तांडेलाच्या त्या ओल्या बोटाचा अर्थ मला असा हळूहळू कळला.

"होडीने न्या की," मी एकदा सुचवलं.

"ती बसत न्हाय होडीत," एवढंच तो म्हणाला.

मग मी म्हटलं, "भाड्याची मोटर करा. अलिबागेत मिळते." मला वाटलं, आपण मोठाच शहाणपणा सांगितला.

हातातलं काम त्याने खाली ठेवलं. "मास्तर, आमचा पोर दुसऱ्याचे मचव्यावर गेला व्हता. वादल आला तवा सुकानूवर मी नवतो." काम पुन्हा उचलत तो म्हणाला, "आता तिला दुसऱ्याचे सुकानूवर मी सोडनार न्हाय."

पोराच्या मागे तांडेलिणीने होडीत पाय ठेवला नव्हता, आणि त्यालाही ठेवू दिला नव्हता. मी गप्प बसलो. माझी थट्टा मात्र फार दिवस गप्प बसली नाही, हे कबूल केलं पाहिजे. समोर रोज असं काही घडत असताना माणसाने किती सोसायचं?

गंज हा मोटरीचा पहिला शत्रू. मचव्याचं लाकूड समुद्राने खाऊ नये म्हणून त्याला मुशी माशाच्या काळजाचं तेल पाजतात. तांडेलाने तेच तेल मोटरीला पाजलं. आतून, बाहेरून, चाकांच्या आऱ्यांना, बसायच्या गादीलासुद्धा. गंज थांबला. पण किहीमपासून थळपर्यंतची झाडून सगळी मांजरं त्याच्या अंगणात मुक्कामाला आली. मोटर बाहेर निघाली की वीस-पंचवीस मांजरं शेपट्या वर करून मागून चालत. शर्यतीतल्या मोटरीबरोबर मांजरांनी आरामात चालावं, यावरून तिचा वेग तुमच्या ध्यानात येईल.

हा वेग त्याने मुद्दाम कमावला होता. बायकोला दचका बसू नये म्हणून वेग वाढवायच्या खटक्याखाली त्याने आंब्याच्या लाकडाची पाचर ठोकली होती. विलायतेतल्या शहाण्या माणसांनी जी मोटर पळावी म्हणून डोकं खर्च केलं, ती पळू नये म्हणून आमच्या तांडेलाने वर्षानुवर्षं घाम गाळला. शेजारची गादी काढून तिथे दोन खांब उभे केले आणि काथ्याच्या दोरांवर एक फळी टांगली. मोटरीत झोपाळा! रस्ता खाली वाटेल तसा उडो, वरची फळी नुसती हलत राही. अलिबागच्या एका मिस्त्रीने हे सगळं येऊन पाहिलं, चहा घेतला आणि पगडी सावरत निघून गेला. पुन्हा तो आमच्या गावात दिसला नाही.

पाण्याची टाकी गळू लागली, तेव्हा मचव्याच्या फटी बुजवतात तशी त्याने ती काथ्या आणि राळ ठासून बुजवली. ब्रेक गेले, तेव्हा त्याने सरळ मचव्याचा चार नखांचा नांगर मोटरीच्या मागे बांधला. "थांबायला नांगर लागतो, मास्तर. ब्रेक कशाला?" मोटर उभी करताना तो नांगर उतरवी आणि जमिनीत रोवी. पावसाळ्यात ती माडाच्या झापांखाली शाकारून ठेवी आणि नारळी पौर्णिमेला, गावच्या होड्या समुद्रात लोटतात त्याच मुहूर्तावर, नारळ वाढवून चार पोरांकडून तिला अंगणातून रस्त्यावर लोटून घेई. पुढे ती सुरू होवो न होवो, मुहूर्त चुकत नसे.

अशी सहा वर्षं गेली. दर शिमग्याला तांडेलीण माहेरी सांगावा धाडी, "जावयानं मोटर घेतलीय. मोटरीतनंच येते." आणि दरवर्षी मोटरीचं काही ना काही मोडे.

मग एका थंडीत चौलहून सांगावा आला, की म्हातारी आता जेवत नाही. दुसऱ्याच सकाळी तांडेलाने बोट वर धरलं. उत्तरेचा वारा होता. तांडेलीण नवं लुगडं नेसून झोपाळ्यावर बसली. मागे जादा चाकावर मी बसलो, मांडीवर नांगर घेऊन. शाळेला सुट्टी होती आणि मला अक्कल नव्हती.

पहिला मैल बरा गेला. मग उतार आला. दहा-बारा पावलांचाच उतार, पण मोटरीला आपण शर्यतीतल्या असल्याची अचानक आठवण झाली. तांडेल ओरडला, "मास्तर, नांगर टाका!" मी टाकला. नांगराने शेजारच्या कुंपणाला मिठी मारली. कुंपण जुनं होतं, ते थांबलं नाही, आमच्याबरोबर निघालं. काट्याकुट्यांचं ते सगळं लचांड फरपटत आम्ही खाली पोचलो, तेव्हा पुढून धूर येत होता. राळ वितळली होती, टाकीतलं पाणी कधीच संपलं होतं, आणि इंजिनाला उभी भेग गेली होती.

कुंपणाचा मालक धावत आला. त्याने आम्हां तिघांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि तेवढं झाल्यावर स्वतःचे बैल आणून मोटरीला जुंपले. आमच्या भागातली माणसं अशीच. आधी शिव्या देतात आणि मग खांदा देतात.

बैल मोटर ओढत घराकडे निघाले. अर्ध्या वाटेवर तांडेलीण हळूच म्हणाली, "अवो, खुबा दुखत न्हाय."

तांडेलाने ऐकलं न ऐकलंसं केलं. मी मागे बसून मनात म्हटलं, झालं, सहा वर्षांच्या तपश्चर्येचं फळ मिळालं: जगातली सगळ्यांत महाग बैलगाडी. सुदैवाने हे मी मोठ्याने बोललो नाही.

चार दिवस तो घराबाहेर आला नाही. पाचव्या दिवशी सकाळी ठोकाठोक ऐकू आली म्हणून मी कुंपणावरून डोकावलो. तो मोटरीचं इंजिन उतरवत होता. एकेक भाग तेलाने पुसून झापावर मांडत होता, पोराचे कपडे आवरावे तसे. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

"तांडेल, दुरुस्त होईल की. मुंबईहून मिस्त्री आणू."

"तवर म्हातारी थांबनार न्हाय," तो म्हणाला. मग बराच वेळ हातातली पुली पुसत राहिला. "बैलच जुपायचे. गावाला हसूं दे. तुमी पन हसा. नायतरी हसताव."

मला त्या दिवशी हसू आलं नाही. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या सकाळी कुंपणवाल्याचेच बैल जुंपले. दोर त्याच्या हाती, तो पुढे चालत. तांडेल मात्र आपल्या जागेवर, दोन्ही हातांत सुकाणू धरून. निघताना त्याने बोट वर केलं, तेव्हा बायका दारातून बघत होत्या आणि एकही हसली नाही. सांगायला हरकत नाही, बैलांमुळे ती मोटर पूर्वीपेक्षा जोरात चालायला लागली होती. मांजरं अलिबागच्या अलीकडेच मागे पडली. दुपार कलताना आम्ही चौलच्या वाड्यांत शिरलो. साऱ्या वाटेत तांडेलीण एकदाही कण्हली नाही.

माहेर एका वळणावर राहिलं, तेव्हा तिने तांडेलाच्या खांद्याला हात लावला. "आयेला मी मोटरीतनं येते सांगितलंय."

तांडेलाने तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बैल सोडा."

बैल माडाला बांधले. कुंपणवाला आणि मी मागून मोटर ढकलू लागलो. तांडेल सुकाणू धरून बसला होता. वळण संपलं, कौलारू घर दिसलं, ओटीवर गोधडीत गुंडाळलेली एक म्हातारी बसलेली दिसली, आणि तांडेलाने तोंडाने इंजिन सुरू केलं.

"घुर्र घुर्र घुर्र..." साठीचा माणूस, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. मध्येच भोंगा दाबी. भोंगा खरा होता, तेवढा एकच अवयव मोटरीत धड उरला होता. अंगणाच्या चढावर त्याचा श्वास पुरेना. "मास्तर," तो मान न वळवता पुटपुटला, "घ्या वाईच." आणि घाटावरचा, पोरांना गणित शिकवणारा मी, मागून मोटर ढकलत "घुर्र घुर्र" करू लागलो. कुंपणवाल्यानेही सूर धरला.

म्हातारीने मान वर केली. "आली गो माजी बाय? मोटरीतनं आली?"

"व्हय आये. मोटरीतनं."

आम्ही दोर सोडून झोपाळ्याच्या फळीसकट तांडेलिणीला उचलून ओटीला टेकवलं. म्हातारीने आधी लेकीचं तोंड चाचपलं. मग हात लांब करून ओटीला भिडलेलं मोटरीचं नाक चाचपलं आणि हात नाकाशी नेला. "मुशीचा वास येतोय. जावई, होडीतनं आनलंस काय माजे पोरीला?"

तांडेल अंगणात खाली बसला. तांडेलीणच म्हणाली, "न्हाय आये. होडीतनं न्हाय. तेंच्या मोटरीतनंच." आणि मग मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मीही चष्मा पुसला. तेलाचा वास डोळ्यांना झोंबतो, असं मी कुंपणवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "व्हय, मलापन."

म्हातारी त्यानंतर आठ दिवस जगली. लेक शेवटपर्यंत उशाशी होती.

तांडेल पुढच्या पावसाळ्यात गेला. दोन दिवसांचा ताप, बस. त्या वर्षी नारळी पौर्णिमेला गावच्या होड्या समुद्रात लोटल्या आणि मोटर झापांखालीच राहिली. इंजिनाचे भाग तेलाच्या फडक्यांत गुंडाळलेले एका पेटाऱ्यात आहेत. ते कोणी विकत मागायला आलं तर तांडेलीण त्याला पाणी देते आणि परत पाठवते.

मी अजून शेजारीच राहतो. थंडी पडली की संध्याकाळी तिकडे जातो. तांडेलीण मोटरीतल्या त्या झोपाळ्यावर बसलेली असते, पायाशी मांजरं. ती विचारते, "मास्तर, चौलाला जायचा वारा हाय काय?"

मी बोट ओलं करून वर धरतो आणि डोळे मिटतो. इतकी वर्षं इथे काढून मला त्यातलं काही कळत नाही. बऱ्याचदा वारा उलटा, थेट तोंडावर येत असतो, एवढं मात्र कळतं.

"हाय," मी म्हणतो. "उत्तरेचा हाय."

मग ती भोंगा दाबते.