आमच्या घरातला दुश्मन

माझा नवरा दुश्मन झाला तो घाऱ्या डोळ्यांमुळे.

कारगिलनंतरचं वर्ष होतं. ज्याच्या हाताला कॅमेरा लागेल तो लढाईचा सिनेमा काढत होता आणि असाच एकजण मुंबईहून कोल्हापुरात येऊन उतरला होता. इथं जेवण चांगलं मिळतं, माणसं मिळतात, आणि सिनेमात काम करायला नको म्हणणारा माणूस या गावात अजून जन्माला यायचा आहे. नवरा उद्यमनगरात एका फाउंड्रीत सुपरवायझर होता. दुपारच्या चहाला टपरीवर उभा असताना सिनेमावाल्यांच्या माणसानं त्याचे डोळे बघितले आणि विचारलं, “काम करणार काय? दुश्मनाचा ऑफिसर पाहिजे.”

दुश्मनाचे डोळे घारे असतात हे त्या माणसाला कुणी सांगितलं कोण जाणे. तसं असतं तर माझं अर्धं सासर सीमेपलीकडं नेऊन टाकावं लागलं असतं.

नवऱ्यानं मला सगळं सांगितलं, पण आईला सांगताना ‘दुश्मनाचा’ हा शब्द गाळला. सासूबाईंना मी आत्ती म्हणायची. आत्तींच्या कानावर ‘ऑफिसर’ एवढंच गेलं. रविवारी विहारात वंदना झाल्यावर त्यांनी एकेकीला गाठून सांगितलं की पोरगा सिनेमात मिलिटरीचा साहेब झालाय. माझे वडील, आप्पा, तिथंच बसले होते. आप्पा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, एकाहत्तरच्या लढाईत होते. त्यांनी कौतुकानं जावयाला विचारलं, “कुठल्या रेजिमेंटचं, पावणं?”

“तिकडच्या,” नवरा हळूच म्हणाला.

“तिकडच्या म्हंजे?”

“तिकडच्याच, आप्पा.”

आप्पांनी जरा विचार केला. “बरं हाय की. तिकडंबी ऑफिसरला जीप असतीया.”

काम असं होतं. एक जखमी भारतीय जवान जमिनीवर पडलेला असतो. त्याला लाथ घालायची. तो पाणी मागतो. तर हसत हसत बाटलीतलं पाणी त्याच्या डोळ्यांदेखत जमिनीवर ओतायचं. मग सिनेमाच्या शेवटी हाच ऑफिसर मरायला टेकतो, आपला हिरो त्याला स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजतो आणि तो मरतो. गोळीनं नाही, लाजेनं. दुश्मन मराठीच बोलायचा, फक्त दर वाक्याच्या शेवटी ‘जनाब’ म्हणायचा. म्हणजे गोंधळ नको.

अडचण एवढीच होती की माझा नवरा झुरळ मारत नाही. आमच्या घरात झुरळं मी मारते, उंदीर मी मारते. पाल दिसली तर तो तिला केरसुणीनं सावकाश दारापर्यंत पोचवून येतो, पाहुण्याला पोचवतात तसा. त्याला क्रूर करायचं काम माझ्याकडं आलं. मी शाळेत चौथीला शिकवत होते, त्यामुळं अनुभव भरपूर होता.

गादीची वळकटी करून आम्ही जखमी जवान केला. नवऱ्यानं लाथ घातली आणि वाकून विचारलं, “लागलं काय?”

“दुश्मन असं विचारत नाही,” मी म्हणाले.

“विचारत असंल की कोणतरी.”

“विचारत असेल, तर त्याला सिनेमात घेत नाहीत.”

हे त्याला पटलं. त्यानं पुन्हा लाथ घातली, या वेळी काही विचारलं नाही, पण वळकटीचा एक कोपरा उसवला होता तो नीट आत सारला.

शूटिंग जोतिबाच्या रस्त्याला एका बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत होतं. मे महिना. खाणीत मीठ आणि थर्माकोलचा चुरा टाकून हिमालय केलेला. दोन्ही फौजांच्या अंगात लोकरीचे कोट. मी सुट्टीवर होते म्हणून बघायला गेले आणि आप्पा ‘आपलं सहज’ म्हणत माझ्याबरोबर आले. आत्तींना यायचं होतं, पण नवऱ्यानं तिथं फार धूळ असते असं सांगून त्यांना घरी ठेवलं.

जखमी, उपाशी जवानाच्या कामासाठी एक बारकेला मुलगा ठरवला होता. त्याला सकाळीच ऊन लागलं. त्याच्या जागी एका तालमीतला पैलवान आडवा करण्यात आला. हा माणूस उपाशी कसा वाटणार, असं कुणीतरी म्हणालं, तर डायरेक्टर म्हणाले, “पट्ट्या बांधा.” तेवढ्या अंगाला पट्ट्या पुरेनात. शेवटी फक्त डोक्याला आणि एका मांडीला बांधल्या.

नवऱ्यानं लाथा घालायला सुरुवात केली. पाय जोरात निघायचा आणि पैलवानाच्या बरगडीपाशी येऊन थांबायचा, जणू मधे काच आहे. डायरेक्टर ओरडायचे. पुन्हा. मिठावर ऊन तापलेलं, पैलवान त्यात उताणा. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे न उघडता म्हटलं, “पावणं, हाणा की एकदाची. पाठीची सालटी निघाय लागल्यात.”

नवऱ्यानं हाणली. ती बसली. एवढी बसली की पैलवानाच्या तोंडून खराच आवाज निघाला आणि डायरेक्टर खूश होऊन हातानंच ‘चालू ठेवा, चालू ठेवा’ म्हणाले. पैलवान कण्हत म्हणाला, “पाणी...” आता तो अभिनय होता की नव्हता, हे त्यालाच माहीत. नवऱ्यानं बाटली उघडली, खाली बसला, पैलवानाच्या मानेखाली हात घातला आणि त्याला पाणी पाजलं. पैलवान अर्धी बाटली प्याला. “हळू, हळू,” नवरा म्हणाला. आणि मग आठवण झाल्यासारखं पुढं जोडलं, “जनाब.”

कॅमेरा बंद झाला. मग संवाद लिहिणारा म्हणाला, “हे ठेवायचं का? दुश्मन पाणी देतो. असं कुणी दाखवलेलं नाही.”

“म्हणूनच दाखवलेलं नाही,” प्रोड्युसर म्हणाला. “लोक थिएटरातल्या खुर्च्या उपटून आपल्या डोक्यात घालतील.”

डायरेक्टर नवऱ्याजवळ आले. रागावले नव्हते, फार दमलेले होते. “हे बघा,” ते म्हणाले, “तुम्ही माणुसकी दाखवू नका. माणुसकी हिरोकडं आहे. ती शेवटी येणार आहे. तुम्ही आत्ताच दाखवली तर तो काय करणार?” मग त्यांना आप्पा दिसले. फौजेतला माणूस आहे हे त्यांना कळलं होतं. “काका, तुम्ही लढाई बघितलीय. दुश्मन असं पाणी ओतून टाकतो की नाही?”

“ओतत असंल की,” आप्पा म्हणाले. “मी काय सगळ्यांच्या बाटल्या बघितल्या न्हाईत.”

पुढच्या वेळी नवऱ्यानं पाणी जमिनीवर ओतलं. पैलवान नुकताच अर्धी बाटली प्याल्यामुळं त्याला त्या पाण्याचं काही वाटलं नाही आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतही होतं, पण डायरेक्टरांनी तेवढं चालवून घेतलं.

शेवटच्या दृश्याच्या वेळेला हिरो मुंबईला निघून गेला होता. त्याचं तोंड आधीच घेऊन ठेवलेलं, फक्त पाणी पाजणारा हात राहिला होता. तो हात पैलवानाचा घेतला. त्यानं सकाळच्या उपकाराची फेड एवढ्या मनापासून केली की नवरा ठसकून उठून बसला. मरणारा माणूस उठून बसतोय म्हटल्यावर ते पुन्हा घ्यावं लागलं.

सिनेमा लागला तेव्हा पावसाळा सरला होता. आत्तींनी गल्लीतल्या बायका गोळा केल्या. मुरगूडहून माझी चुलतसासू मुद्दाम आली. बाल्कनीत आमची अख्खी रांग बसली. आप्पा माझ्या शेजारी. नवऱ्यानं आईला अजून सांगितलेलं नव्हतं. तिकिटं काढताना सांगतो, म्हणाला होता. मग मध्यंतरात सांगतो, म्हणाला. त्याचं दृश्य मध्यंतराच्या आधीच आलं.

पडद्यावर जीप थांबली, घारे डोळे मोठे दिसले आणि आत्ती शेजारणीला म्हणाल्या, “आला बघ.” मग त्यांच्या पोरानं पडलेल्या भारतीय जवानाला लाथ घातली. थिएटर उसळलं. मग पाणी मिठात जाऊन मुरलं. शिट्ट्या, शिव्या, खालून कुणीतरी पडद्यावर चप्पल फेकली. आमच्या मागं बसलेला एकजण उभा राहिला आणि त्यानं नवऱ्याच्या आईवरून सुरुवात केली. पहिले दोन शब्द झाले असतील नसतील, आत्ती मागं वळल्या.

“त्याची आई हितं बसलीया,” त्या म्हणाल्या. “बोला, काय बोलणार हुता.”

अंधारात त्या माणसानं आत्तींकडं बघितलं, मग आमच्या रांगेच्या टोकाला खुर्चीत घसरत चाललेल्या नवऱ्याकडं बघितलं, मग पडद्याकडं.

“काकू, तुमास्नी न्हवं. पिच्चरला बोललो.”

“पिच्चरला आई नसती,” आत्ती म्हणाल्या आणि परत तोंड फिरवून बसल्या.

मध्यंतरात त्या उठल्या नाहीत. मुलाशी बोलल्या नाहीत. मागच्या माणसानं खारे शेंगदाणे आणून निमूटपणे त्यांच्या पुढं धरले. त्यांनी घेतले, पण खाल्ले नाहीत.

शेवटाकडं नवरा दरीत गोळी लागून पडला. हिरो चालत आला. त्यानं कमरेची बाटली काढली. हिरोचा बारीक हात बाटलीपर्यंत गेला आणि पुढच्या क्षणी माझ्या मांडीएवढा हात दुश्मनाच्या तोंडाला बाटली लावायला आला. हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळं थिएटर ओरडत होतं, “पाजू नको. घाल गोळी.” ज्या दयेसाठी एवढा सिनेमा काढला होता ती कुणालाच नको होती. मी त्या माणसाचे डबे भरते, मला माहीत होतं तो रात्री घरीच झोपणार आहे, तरी मला त्या आवाजाची भीती वाटली.

मागून तोच माणूस दबक्या आवाजात बोलताना ऐकू आला. आपल्या शेजाऱ्याला म्हणत होता, “पाजू दे रं. आई हाय हितं.”

परतताना आम्ही चालतच निघालो. गल्लीतल्या बायका आणि चुलतसासू पुढं गेल्या. नवरा सगळ्यांच्या मागं. बराच वेळ गेल्यावर आत्तींनी आप्पांना विचारलं, “आप्पा, खरंच असं करत्यात व्हय? एकमेकांस्नी?”

लढाईनंतर आप्पा उत्तरेतल्या एका छावणीत युद्धकैद्यांवर पहाऱ्याला होते. ते तिथलं फक्त गमतीचं सांगायचे. तेव्हाही तिथूनच सुरुवात केली. रोज डाळ मिळते म्हणून एक कैदी कुरकुरायचा. आप्पांनी त्याला विचारलं, घरी काय पुलाव मिळत होता? तो म्हणाला, घरी नाही, सासरी मिळायचा. तिथं व्हॉलीबॉल चालायचा, कैदी विरुद्ध पहारेकरी, आणि कैदी जिंकायचे, कारण त्यांना दिवसभर दुसरं काम नव्हतं.

“आन् वाईट?” आत्तींनी विचारलं.

आप्पा म्हणाले, “एक कॅप्टन हुता त्यांचा. पिकलेल्या केसांचा, गप्प राहणारा. आपल्या एका सुभेदारानं त्याला त्याच्याच शिपायांच्या म्होरं संडासाच्या बादल्या उचलायला लावल्या. काय कारण न्हवतं. त्यादिशी सुभेदाराला गंमत वाटली.”

“तुमी काय केलं?”

“मी व्हॉलीबॉलचं जाळं बांधत हुतो. बघितलं, आन् गाठ मारत ऱ्हायलो.”

आत्तींच्या वडलांना गावात काय काय उचलायला लावलं होतं हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. आप्पांनाही माहीत होतं. बिंदू चौक आला, ओलांडला.

“दुसऱ्यादिशी मी त्याला साबण दिला,” आप्पा म्हणाले. “त्यानं घेतला. पर बोलला काय न्हाय. त्या दिवसापासनं व्हॉलीबॉल बघायलाबी आला न्हाय.”

“साबण दिलासा ते बरं केलं,” आत्ती म्हणाल्या. त्यांचा आवाज बरं केल्याचा नव्हता, पण वाईट केल्याचाही नव्हता.

सकाळी भाकरी थापताना त्यांनी मुलाशी पहिल्यांदा तोंड उघडलं. “ती लाथ. त्या जवानाला खरंच लागली हुती?”

“लागली, आई.”

“मग त्याला जेवायला बोलव.”

फाउंड्रीतली पोरं तेव्हापासून नवऱ्याला जनाब म्हणायला लागली आणि तो ओ द्यायला लागला. सिनेमा लवकरच उतरला, त्याजागी भुताचा एक विनोदी सिनेमा लागला. पैलवान मात्र पुढच्या रविवारी आला. दारातून आत येताना त्याला खांदा तिरका करावा लागला. आत्तींनी त्याला पाटावर बसवलं, पाटानं आवाज केला म्हणून चटईवर बसवलं, आणि रश्शाची वाटी काढून घेऊन पातेलंच जवळ सरकवलं.

“बरगडी दुखती काय अजून?” त्यांनी विचारलं.

“न्हाय वो काकू. पावण्यांनी लई हळू हाणली.”

“कशाला खोटं बोलतोस,” आत्ती म्हणाल्या, “जेव.”

तो जेवला. आप्पा आले, मग दोघांचं गुडघ्यांवर बोलणं निघालं, फौजेतले गुडघे आणि तालमीतले गुडघे, कोणते आधी जातात यावर. बोलता बोलता पैलवान भिंतीला टेकला, तिथून हळूहळू आडवा झाला आणि घोरायला लागला. बाहेरची खोली त्याच्यानंच भरली. नवरा पाय उचलून त्याला ओलांडून पलीकडं गेला, तेव्हा आत्तींनी पंखा वाढवला आणि आम्हाला सगळ्यांना आत जाऊन हळू बोलायला सांगितलं.