मंदा का थांबली होती

"नसीम, मंदा गेली," पाटोळे सर फोनवर म्हणाले. मी विचारलं, "कुठं?" शाळेतली मधली सुट्टी होती, माझ्या हातात डब्याचं झाकण होतं, आणि सरांच्या तोंडून 'मंदा गेली' हे शब्द मी इतक्या वेळा ऐकले होते की त्यांचा दुसरा काही अर्थ असेल हे डोक्यात शिरलंच नाही. शंभर मीटरची शर्यत अर्धी झाली की ती सगळ्यांना मागं टाकायची आणि दोरीपलीकडून सर टोपी हवेत फेकून ओरडायचे, "गेली! मंदा गेली!" या वेळी ते ओरडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "सकाळी मैदानावर पोरींना शिकवत होती गं. दम लागला म्हणून बाकावर बसली, ती उठलीच नाही." मी "बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि डबा खाल्ला. भेंडीची भाजी होती. पुढचा तास सातवी 'ब'चा होता, तोही घेतला... आज सहा आठवडे झाले, अजून मला रडू आलेलं नाही. घरचे म्हणतात, धक्का बसलाय. असेलही. पण खरं कारण मला माहीत आहे, आणि ते सांगायलाच हा लेख लिहायला घेतला आहे.

मंदा नवले राज्याची विजेती होती, मग देशाची झाली, हे वर्तमानपत्रांतून छापून आलं आहे. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आम्ही दोघी अकरावीत होतो. पिशोर या खेड्यातून ती पुंडलिकनगरला मामाकडं शिकायला आली होती आणि मामानं तिला गारखेड्याच्या मैदानावर पाटोळे सरांच्या हवाली केलं होतं. पोपटी सलवार, वर भावाचा ढगळ शर्ट, पाय अनवाणी. आम्ही शहरातल्या पोरी, बुटांच्या नाड्या बांधत बसलेल्या. मी मोठ्या ऐटीत विचारलं, "नाव मंदा, मग पळायची कशी गं?" ती शांतपणे म्हणाली, "नाव आईनं ठेवलंय, पाय माझे हायेत." त्या दिवशी सरांनी आम्हाला सोबत पळवलं. त्या मैदानावर तोवर माझ्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा दुसऱ्या पोरीची पाठ दिसली, आणि खोटं कशाला बोलू, ती पाठ मला अजिबात आवडली नाही.

तिच्या पळण्याचा शोध कसा लागला याची एक गोष्ट ती सांगायची. तिचे वडील, म्हणजे तात्या, कन्नडला, तालुक्याच्या गावी, निघाले आणि जेवणाचा डबा घरीच विसरले. एसटी सुटली होती. ही डबा घेऊन मागं धावली, गाडी वळणावर जरा हळू झाली तेव्हा गाठलीच, आणि खिडकीतून डबा तात्यांच्या मांडीवर टाकला. त्याच गाडीत शाळेचे खेळाचे गुरुजी बसलेले होते. यात मीठमसाला किती हे तात्याच जाणोत. पण गुरुजींबद्दल ती सांगायची ते मात्र शंभर टक्के खरं होतं. शाळेत ना शिट्टी ना फळ्यांचा क्लॅपर. गुरुजी रेघेजवळ उभे राहून म्हणायचे, "एक... दोन... साडेमाडे..." आणि तिथं थांबायचे. मुद्दाम, चांगले लांबवायचे. उतावळं पोर 'तीन' म्हणायच्या आधीच सुटायचं. मग पिशोरच्या शाळेचा नियम असा की एक जण आधी सुटला तर बाकीच्यांनी जागचं हलायचं नाही. सुटलेलं पोर चार-दहा पावलं एकटंच पळायचं, मागं बघायचं, लाजत परत यायचं, आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. "त्याला कुणी बोलत नसायचं गं," मंदा म्हणायची. "आपण उभं ऱ्हायलं की त्याला आपसूक कळतंय."

आता माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. माझे अब्बा गुलमंडीवर घड्याळं दुरुस्त करायचे. माझ्या पळण्याला त्यांचा विरोध नव्हता, पण त्यांचा हिशेब सरळ होता. "इस साल सिलेक्शन हुआ तो दौड़, नय हुआ तो ग्राउंड बंद. अगले साल बारवी है." जिल्ह्याच्या शर्यतीतून पहिली येणारी एकच पोरगी पुढं जाणार होती, आणि मंदा आल्यापासून पहिली कोण येणार हे मैदानावरच्या कावळ्यालाही ठाऊक होतं. शर्यत गारखेड्यालाच होती. त्या दिवशी सकाळी मंडपात तिच्या पायाला पट्टी बांधता बांधता मी तिला अब्बांचं बोलणं सांगितलं. का सांगितलं? दया यावी म्हणून? तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. ती फक्त म्हणाली, "मग लई जोरात पळ."

मला कडेची लेन होती, माझ्या शेजारची तिची. सुरुवात करून देणारे गुरुजी दुसऱ्या शाळेचे, वयस्कर होते. हातात लाकडी क्लॅपर, म्हणजे बिजागरीनं जोडलेल्या दोन फळ्या. त्या आपटल्या की पळायचं. ते "सेट" म्हणाले, आम्ही वाकलो... आणि पुढच्या क्षणी मंदा सोडून आम्ही सगळ्या पळत होतो. ती रेघेवर उभी होती. चांगली ताठ उभी. सर पलीकडच्या टोकाकडून जिवाच्या आकांतानं ओरडले तेव्हा ती निघाली. तरीही चौथी आली. पहिली मी आले.

सर तिच्यावर असे खवळले की बस. "उभी काय राहिलीस? देवळात आली होतीस का दर्शनाला?" ती मान खाली घालून उभी होती. मी शेजारीच होते. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग सरांना म्हणाली, "मला वाटलं सर, ते साडेमाडे तीन म्हणतील. मग पळायचं." सगळं मैदान हसलं. सरही हसले. कपाळावर हात मारत म्हणाले, "अगं पिशोरकर, इथं इंग्रजीत मोजतात!"

ती गोष्ट तेव्हापासून तिला चिकटली ती कायमची. पुढच्या वर्षी ती जिल्ह्यात पहिली आली, विभागात पहिली आली, राज्यात पहिली आली, तेव्हा तिच्या प्रत्येक सत्कारात कुणी ना कुणी उठायचं आणि ही गोष्ट सांगायचं. खेड्यातली भोळी पोर, साडेमाडे तीनची वाट बघत राहिली, आणि आता बघा. टाळ्या. देशाचं पदक घेऊन आली तेव्हा स्वागताच्या फलकावरसुद्धा मोठ्या अक्षरात 'साडेमाडे... मंदा!' लिहिलेलं होतं. ती हसायची. पुढं पुढं तर तिनं ते स्वतःचंच करून टाकलं. 'सेट' झाल्यावर तिचे ओठ हलायचे, आणि शेजारच्या लेनमधल्या पोरींना वाटायचं ही देवाचं नाव घेते. मी मात्र त्या गोष्टीला कधी हसले नाही. लोकांना वाटायचं, नसीम जळते तिच्यावर.

खरी गोष्ट अशी की त्या दिवशी मी क्लॅपर वाजायच्या आधी सुटले होते. किंचितच. पण आधी. मी हलले म्हणून पलीकडच्या हलल्या, आणि त्यानंतर फळ्या आपटल्या. म्हाताऱ्या गुरुजींना कळलं नाही. लांब उभ्या असलेल्या सरांना दिसलं नाही. दिसलं एकट्या मंदाला, कारण ती माझ्या शेजारी होती. पिशोरच्या शाळेत शिकलेली पोर, एक जण आधी सुटला म्हणून जागेवर उभी राहिली. तिला वाटलं, आता नसीम चार पावलांवर थांबेल, मागं बघेल, परत येईल. मी मागं बघितलंच नाही. आणि सरांनी विचारल्यावर तिनं माझ्याकडं बघून, तिथल्या तिथं, स्वतःचं हसं करून घेणारं एक खोटं रचलं.

ती 'नसीम आधी सुटली' एवढं म्हणाली असती तर शर्यत पुन्हा झाली असती आणि ती जिंकली असती. हे आम्हा दोघींना माहीत होतं. मी पुढं गेले आणि विभागातल्या पहिल्याच फेरीत बाद झाले. पण अब्बांनी एक वर्ष वाढवून दिलं. त्या वर्षातून माझं खेळाचं शिक्षण झालं, त्यातून ही शाळेतली नोकरी आली, आणि आज वीस वर्षं झाली, पोरी मला 'नसीम बाई' म्हणतात. माझं सगळं त्या अर्ध्या क्षणावर उभं आहे. मंदाचं एक वर्ष गेलं. त्या वर्षात ती कुठवर पोचली असती, कोण सांगणार.

ती राज्यात चमकल्यावर आम्ही चार बाय शंभरच्या संघात सोबत पळायचो. तिसरी मी, शेवटची ती. मी मागून धावत जाऊन "घे!" ओरडायचे आणि तिचा हात मागं यायचा. मी बॅटन ठेवायचे आणि ती निघून जायची. एकदाही तिनं मान वळवून खात्री करून घेतली नाही. सरावात सर म्हणायचे, "डोळे झाकून घेते रे ही नसीमच्या हातातून." तेव्हा मला वाटायचं, जमीन दुभंगावी आणि मी आत जावं.

मागच्या डिसेंबरात आमच्या शाळेच्या क्रीडादिनाला मी तिला बोलावलं होतं. खुर्चीवर बसायची पाहुणी नव्हेच ती. माझ्या हातातला क्लॅपर काढून घेतला, पोरींना रेघेवर उभं केलं आणि त्यांना पिशोरचा नियम समजावून सांगितला. मग, "एक... दोन... साडेमाडे..." थांबली ती थांबलीच. पोरी खदाखदा हसायला लागल्या, दोघी-तिघी तोंडावर आपटल्या. नंतर माझ्या खोलीत चहा घेताना मी धीर केला. म्हणाले, "मंदा, ती गारखेड्याची रेस..." पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच विषय काढला. तिनं बशीत चहा ओतला, फुंकर घातली. म्हणाली, "ऱ्हाऊ दे ना आता. चहा गार व्हायलाय बघ." मी राहू दिलं. राहू देणं मला नेहमीच सोपं गेलं आहे.

पुंडलिकनगरला तिची शोकसभा झाली तेव्हा पाच जण बोलले आणि पाचही जणांनी साडेमाडे तीनचीच गोष्ट सांगितली. लोक डोळे पुसत हसत होते. तात्या पहिल्या रांगेत, काठीवर हनुवटी टेकून बसले होते. माझं नाव पुकारलं. चालत जाताना मी ठरवलं होतं. माइकसमोर उभी राहिले, तात्यांकडं बघितलं, आणि... मीसुद्धा तीच गोष्ट सांगितली. ती भोळी होती म्हणाले. वाट बघत राहिली म्हणाले. लोक हसले, मी खाली येऊन बसले. डोळे कोरडे. रडायला आधी खरं बोलावं लागतं बहुतेक.

तर तात्या, हे तुमच्यासाठी. तुमची लेक भोळी नव्हती. तिला सगळं समजत होतं.

गेल्या सोमवारी खेळाचा तास होता. क्लॅपर कपाटात डिसेंबरात ठेवला तिथंच होता, ढिल्या बिजागरीला मंदानं त्या दिवशी गुंडाळलेला सुतळीचा तुकडा तसाच. पोरी रेघेवर उभ्या राहिल्या आणि एक जण म्हणाली, "बाई, मंदाताईंसारखं." मी एक म्हणाले, दोन म्हणाले, साडेमाडे म्हणाले, आणि पुढचा शब्द काही केल्या निघेना. सातवीतली आयेशा सुटलीच. पळाली आठ-दहा पावलं. मी हाक मारायला तोंड उघडलं, पण बाकीच्या सगळ्या पोरी रेघेवर उभ्या होत्या. एकही हलली नव्हती. कुणी तिला हाक मारली नाही, कुणी हसलं नाही. आयेशानं मागं वळून बघितलं, जीभ चावली आणि पळत परत येऊन आपल्या जागेवर वाकली.

"चुकले बाई," ती म्हणाली. "पुन्हा म्हणा ना."

मी ओढणीनं तोंड पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.