शहर कापणारी रेघ

आमचे हे नगरपालिकेच्या नकाशाखोलीत आहेत. शहरातलं घर न् घर कॉम्प्युटरवर काढून ठेवायचं, हे त्यांचं काम. स्वतःच्या घरात मीठ कुठे आहे ते मला विचारावं लागतं, पण कोणाचा जिना कोणत्या बाजूला आहे ते तोंडपाठ.

तिथली जुनी सिस्टीम दोन जीबीपेक्षा मोठी फाइल उघडतच नसे. म्हणून शहराचा नकाशा दोन तुकड्यांत ठेवलेला, उत्तर आणि दक्षिण. मधली रेघ सरळच मारावी लागे, आणि ती बेकरीच्या गल्लीतल्या घरांच्या पोटातून गेली होती. त्या लोकांनी वर खोली बांधायची परवानगी मागितली की उत्तरेचा कारकून म्हणे, अर्ध्या घराला परवानगी कशी देऊ? दक्षिणेचाही तेच म्हणे. बिचारे हेलपाटे घालून रडकुंडीला यायचे, आणि शिव्या खायचे आमचे हे.

यंदा नवी सिस्टीम आली. तिला मोठ्या फाइलचं वावडं नव्हतं. ह्यांनी दोन्ही तुकडे जोडले आणि त्या दिवशी शीळ घालत घरी आले. बेकरीवाल्या मावशींना लगेच परवानगी मिळाली. मग मीही आमचा अर्ज भरून दिला. आमची मुलगी नवऱ्याचं घर सोडून, लहानग्याला घेऊन कायमची आमच्याकडे येणार होती. तिच्यासाठी वर एक खोली काढायची होती.

अर्ज अजून टेबलावरच होता तेवढ्यात कळलं, नकाशे छापायचं मोठं मशीन नव्या सिस्टीमवर चालतच नाही. नवं मशीन मिळणार नाही म्हणे. साहेबांचं फर्मान निघालं, जुनी सिस्टीम परत टाका. अरे, मग आणलीत कशाला? आधी मशीन लावून बघावं, एवढं साधं कोणाला सुचू नये?

ह्यांनी निमूटपणे नकाशाचे पुन्हा दोन तुकडे केले, जुन्याच रेघेवर. पण जोडलेला नकाशा पुसायला हात धजेना. राहू दे एका कोपऱ्यात, म्हणून तो त्याच डिस्कवर ठेवला. जुनी सिस्टीम चढली, तिला ती एक अवाढव्य फाइल दिसली आणि तिनं अख्खी डिस्कच उघडायला नकार दिला. सगळ्या शहराचे नकाशे बंद! साहेब चारचौघांत ह्यांना वाट्टेल ते बोलले. पुन्हा नवी सिस्टीम चढवा, मोठी फाइल पुसा, मग पुन्हा जुनी. नुसत्या माकडउड्या.

"त्यात एकच बरं झालं," त्या संध्याकाळी बूट काढता काढता हे म्हणाले. "एवढं सगळं परत करायचंच होतं, म्हणून रेघ हलवली. आता बेकरीच्या गल्लीतलं एकही घर कापलं जात नाही."

"मग कोणाचं जातं?"

"वर-खाली सरकवून पाहिली. कुठे तीस घरं जात होती, कुठे चाळीस. एकाच जागी ती सरळ रस्त्यावरून जाते. तिथलं एक घर जरा पुढे आलंय, तेवढं सापडतं."

पुढे आलेलं घर आमचं. येणाराजाणारा सायकलवाला त्याच्या कोपऱ्याला धडकतो.

"कुठून गेली?" मी विचारलं.

"स्वयंपाकघरातून. ओटा उत्तरेत गेला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "साऱ्या गावाचं भलं करताना पोटची पोर आठवली नाही?"

"आठवली ना. पण आपलं घर वाचवायला तीस घरं कापू? कोणत्या तोंडानं?"

माणूस चुकला असता तर निदान भांडता तरी आलं असतं. मी भांडी आपटली.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. "आई, खोलीचं झालं का गं?" मी फोन ह्यांच्या हातात कोंबला. "घ्या, सांगा तुम्हीच." हे नुसतेच "हं, बाळा... ते जरा..." करत राहिले. पलीकडचा तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"मग मी येऊ नको का, बाबा?"

मी फोन हिसकावून घेतला. "आजच निघ," म्हटलं. "आमची खोली तुझी. मी तुम्हा दोघांजवळ झोपेन. आणि तुझे बाबा झोपतील स्वयंपाकघरात, त्या रेघेवर."