फाटकाची उजवी बाजू

रहिमतपुरात गाड्यांच्या सीटला कव्हर शिवायचं माझं दुकान आहे. ट्रॅक्टर, जीप, टेम्पो, मोटारसायकल, ज्याला म्हणून सीट आहे ते सगळं माझ्याकडं येतं. त्यामुळे आसपासचे बहुतेक ड्रायव्हर मला नावानं नाही तरी त्यांच्या बैठकीवरनं ठाऊक आहेत. कुणाचं फोम एकाच बाजूला दबलेलं असतं, कुणाच्या रेक्झिनवर विडीनं पाडलेली भोकं असतात.

पन्नाशी ओलांडली आणि डॉक्टरांनी साखर निघाली म्हणून सांगितलं. दिवसभर मशीनवर पाय हलवतो म्हटलं, तर तो व्यायाम धरत नाहीत म्हणाले. मग सायकल घेतली. पहिले दोन दिवस एकटाच गेलो. तिसऱ्या दिवशी पहाटेची फजरची नमाज पढून मशिदीतून निघालो, तर वळणावर आमच्या समोरच्या गल्लीतले सुभेदार आपली सायकल धरून उभे. फौजेतून निवृत्त होऊन ते घरचा ऊस बघत होते, आणि रोज सकाळी सायकल मारायचा त्यांचा नेम जुना होता.

"मास्टर, एकटं काय हिंडताय? चला संगट," ते म्हणाले. तेव्हापासून आम्ही जोडीनं निघायला लागलो. स्टेशनकडच्या रस्त्यानं जायचं, रेल्वेचं फाटक ओलांडून उसाच्या रानातनं पुढच्या गावापर्यंत, तिथं चहा, आणि परत. माझा चहा बिनसाखरेचा.

सुभेदारांची एक खोड मला आठवड्याभरात कळली. रस्त्यावर कुणी नियम मोडलेला त्यांना बघवत नसे, आणि बघितला की गप्प बसवत नसे. एकदा गतिरोधकापाशी एक मोटार आमच्या शेजारी हळू झाली. चालवणाऱ्याच्या कानाला फोन. सुभेदारांनी काचेवर टकटक केली. त्यानं काच खाली घेतली.

"फोनवर कोन हाय?"

"सासरे," तो बिचारा गोंधळून म्हणाला.

"त्येंना इचारा, जावई गाडी चालवताना बोललेला चालतोय का."

काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं खरंच विचारलं. पलीकडून सासऱ्याचा आवाज आम्हालाही ऐकू आला, "ठेवा आधी फोन." मोटार पुढं गेली आणि मी पुढच्या वळणापर्यंत हसत होतो.

पण सगळेच असे नसत. एका टेम्पोवाल्यानं वळणावर आम्हाला चेपून ओव्हरटेक केलं, तेव्हा सुभेदारांनी त्याला गाठून परेडवरच्या आवाजात झाडलं. मी मागं मान खाली घालून उभा. त्या टेम्पोची कव्हरं मी पुढच्या आठवड्यात शिवणार होतो. त्यानं मला बघितलं आणि कव्हरं कोरेगावला शिवून घेतली.

घरात सांगितलं तर बायको म्हणाली, "त्येंला पेन्शन हाय. तुमाला दुकान हाय. त्येवढं ध्यानात ठेवा."

मी सुभेदारांना समजावून बघितलं. म्हटलं, "आपण सायकलवाले. ठोकर बसली तर त्यांच्या गाडीला ओरखडा येणार आणि आपलं हाड मोडणार. कशाला तोंड लावायचं?"

"म्हून तर बोलायचं," ते म्हणाले. "ज्येचं हाड मोडनार त्येनं बोलायचं न्हाई, तर मग कुनी बोलायचं?"

मला ते पटलं. पण दुकान होतं. त्यामुळे ते बोलत आणि मी माझ्या सायकलची चेन बघत बसे.

मग सुभेदार चार-पाच दिवसांसाठी फलटणला लेकीकडं गेले. नातवाचं बारसं होतं. मी एकटाच निघू लागलो आणि खरं सांगतो, जरा हलकं वाटलं. कुणाशी वाद नाही, काही नाही.

आमच्या त्या फाटकाची एक तऱ्हा आहे. फाटक पडलं की गाड्या डावीकडं ओळीनं थांबतात. दोन मिनिटांनी कुणातरी एकाचा धीर सुटतो आणि तो ओळ सोडून रस्त्याच्या उजव्या बाजूनं थेट फाटकाला जाऊन भिडतो. त्याच्यामागं आणखी चार. पलीकडंही तेच. रेल्वे निघून जाते, फाटक वर होतं, आणि दोन्हीकडची तोंडं एकमेकांसमोर. मग नुसते हॉर्न.

चौथ्या दिवशी मी फाटकापाशी डाव्या ओळीतल्या दुधाच्या टेम्पोशेजारी सायकल धरून उभा होतो. मागनं एक वडापची जीप उजवीकडनं आली, सीटमागं भाडं घेऊन माणसांनी खच्चून भरलेली. पुढं उजव्या कडेला खड्डा दिसल्यावर ड्रायव्हरनं जरा डावीकडं दाबलं, आणि जीपचा आरसा माझ्या हँडलला लागला. सायकल माझ्यासकट कलंडली. मी पडलो नाही, पण कोपर टेम्पोच्या फळीवर घासलं.

आरशाकडं बघायच्या आधी माझी नजर सीटवर गेली. मरून रेक्झिन, कडेला पांढरी पायपिंग. मीच शिवलेली. जीप माझ्या जुन्या गिऱ्हाइकाची होती, तिशीतला पोरगेला माणूस, दर वर्षी न चुकता येणारा.

"चाचा, लागलं न्हाई न्हवं?" त्यानंच आधी विचारलं.

सुभेदार असते तर पुढचं त्यांनी बघितलं असतं. ते नव्हते. मी सायकल स्टँडवर लावली आणि खिडकीपाशी गेलो. 

"लागलं न्हाई. पन तू हितं उजवीकडं कसा?"

"पॅसेंजर हायती चाचा. उशीर हुतोय."

"हितं उभं राहिलास तर रेल्वे लवकर जानार हाय व्हय?"

"समदीच लावत्यात की." मग तो जरा हसला. "सुभेदार न्हाईत म्हून आज तुमी डूटीवर हाय वाटतं."

मागची माणसं हसली. माझे कान तापले. पण आता माघारी येणं बरं दिसलं नसतं. मी खिडकीतनं हात घालून सीटच्या कडेवर बोट ठेवलं.

"ही शिलाई कशी हाय?"

"सरळ हाय."

"गिऱ्हाइकांची घाई हाय म्हून मी ती वाकडी मारली आसती, तर तू घेतली आसतीस?"

त्यानं शिलाईवरनं बोट फिरवलं. मला वाटलं जिंकलो. तेवढ्यात तो म्हणाला, "आन् तुमी, चाचा? काल फाटक बंद आसताना सायकल आडवी करून खालनं काढली. मी मागंच हुतो. ते कुठल्या कायद्यात बसतंय?"

हे खरं होतं. सुभेदार बरोबर असताना तसं करायची सोय नव्हती. ते गेल्यापासून मी तीन दिवस रोज फाटकाखालून सायकल तिरकी करून काढत होतो. कुणी बघत नाही असं समजून. आता जीपमधली दहा-बारा माणसं माझ्याकडं बघत होती.

"व्हय," मी म्हणालो. "चुकलं माझं. आजपासनं न्हाई काढायचो."

त्याला हे अपेक्षित नव्हतं. मी भांडेन, नाहीतर नाकारेन, असं त्याला वाटलं असणार. मागच्या सीटवर मांडीवर पिशवी घेतलेली एक म्हातारी होती. ती म्हणाली, "दोघंबी सारखंच हायसा. फाटक उघडलं, बघा जावा तिकडं."

बोलता बोलता रेल्वे निघून गेली होती आणि फाटक खरंच उघडलं होतं. आणि पलीकडनं जीपच्या अगदी नाकासमोर उसाचा ट्रॅक्टर येऊन उभा राहिला, मागं दोन भरलेल्या ट्रॉल्या. तो त्याच्या डाव्या बाजूला, म्हणजे बरोबर होता. दोन ट्रॉल्या घेऊन मागं जाणं त्याला शक्य नव्हतं. ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं आणि शांतपणे तंबाखू मळायला घेतली. जीपच्या मागं तोवर दोन मोटारी आणि एक टेम्पो लागलेले. गेटमन खोलीतनं ओरडला की पाठोपाठ मालगाडी आहे.

बोलायला तोंड उघडलं होतं, आता निस्तरणं भाग होतं. मी सगळ्यात मागच्या टेम्पोपासून सुरुवात केली. "दादा, जरा मागं घ्या." तो लगेच हलला. पहिली मोटारही हलली. दुसऱ्या मोटारवाल्यानं काच खाली करून विचारलं, "तुम्ही कोण?"

"सीट कव्हरवाला," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि गाडी मागं घेतली. शेवटी जीप राहिली. मी मागं उभा राहून हात हलवत होतो, "येऊ दे, येऊ दे, आजून जरा, बास." डाव्या ओळीतल्या दुधाच्या टेम्पोवाल्यानं जागा दिली आणि जीप त्याच्या मागं ओळीत शिरली. ट्रॅक्टर निघून गेला. ड्रायव्हरनं माझ्याकडं बघितलं नाही. म्हातारीनं मात्र हात केला. मालगाडीसाठी फाटक पुन्हा पडलं, आणि या वेळी मी डबे जाईपर्यंत उभा राहिलो.

सुभेदार परत आले तेव्हा बातमी त्यांच्या आधी गल्लीत पोचली होती. चहाच्या टपरीवर त्यांनी मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. आपण नसताना हे झालं, याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं.

"आवाज चढवला का न्हाई?"

"नाही."

"शिवी?"

"नाही."

"मग त्यो मागं गेला कसा?"

मी फाटकाखालून सायकल काढल्याचंही सांगून टाकलं. सुभेदारांनी चहा संपवला, ग्लास विसळून ठेवला आणि म्हणाले, "हे तुमी मला सांगाय नको हुतं." परत येताना ते एकटेच पुढं निघून गेले. दुसऱ्या दिवशी मात्र वळणावर उभे होते.

जीपवाला काही दुकानाकडं फिरकला नाही. बायकोनं दोनदा विचारलं, मग विचारायचं सोडलं. मला वाटलं, गेलं आणखी एक गिऱ्हाईक. पण गंमत अशी, की त्याची चुटपूट लागली तरी आपण बोललो ते चुकलं असं वाटत नव्हतं.

तीन आठवड्यांनी तो आला. ड्रायव्हर सीटचं फोम बसलं होतं. मी माप घेतलं, त्यानं स्टुलावर बसून चहा घेतला, आणि बराच वेळ आम्ही फोमविषयीच बोललो. मग तोच म्हणाला, "चाचा, तुमी त्या दिशी चुकलं म्हनाला, म्हून मी गप बसलो. सुभेदारांनी टोकलं आसतं तर मी तितंच गाडी आडवी लावली आसती. डोस्कं लय गरम हाय माझं."

"आता कुठं लावतोस?"

"डावीकडं." कात्रीचा आवाज थांबल्यावर त्यानं कबूल केलं, "रोज न्हाई. पॅसेंजर लय बोंबलाय लागलं तर जातो उजवीकडनंच. पन कमी केलंय."

मला ते पुरेसं वाटलं. चालत्या गाडीशी मी अजूनही वाद घालत नाही. ती जाते शंभर पावलं पुढं आणि आपण धुळीत ओरडत राहतो. पण फाटकापाशी, चौकात, जिथं माणूस थांबलेला असतो, तिथं जाऊन बोलतो. कधी ऐकतात, कधी काच वर करतात. एकानं मला सरळ सांगितलं की सायकलवाल्यांनी कायदा शिकवू नये. मी त्याला बरं म्हणालो आणि पुढं गेलो.

सुभेदारांना त्यांचा आवाज काही खाली आणता आला नाही. मात्र बोलायच्या आधी ते आता एक पायडल मारण्याइतकं थांबतात.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं शेजारीशेजारी गप्पा मारत चाललो होतो. मागनं एक कॉलेजला जाणारी मुलगी स्कूटरवरनं आली. तिनं हॉर्न दिला, आम्हाला ऐकू आला नाही. मग ती बरोबरीला येऊन म्हणाली, "आवं काका, दोघांनी मिळून समदा रस्ता अडवलाय. एकामागं एक चला की."

मी सुभेदारांकडं बघितलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. पण त्यांनी तिला कपाळाला हात लावून सलाम ठोकला, "बरोबर हाय बाळ," म्हणाले, आणि सायकल माझ्या मागं घेतली. टपरी येईपर्यंत ते मागूनच मला सांगत राहिले, की माझी पाठ वाकलेली आहे, गुडघे बाहेर जातात, आणि अशा पायडल मारण्यानं साखर कमी व्हायची नाही.