चार वॉटचा आवाज

वीट आली तेव्हा वेल्मा क्रॅबट्री धावत्या ट्रकमध्ये थर्मासमधली कॉफी ओतत होती. एकोणीसशे चौऱ्याहत्तरचा फेब्रुवारी, सकाळचे दहा, आणि आर्कान्सातला मोठा हमरस्ता जवळजवळ ओस. डिझेल महागलं म्हणून ट्रकवाल्यांनी चाकं थांबवली होती, आणि जे थांबत नव्हते त्यांच्यावर पुलांवरून विटा पडत होत्या. तिचा नवरा ओडेल थांबला नव्हता. त्याच्या मागे बावीस टन कोंबड्यांचं खाद्य होतं. संप त्यालाही पटत होता. पण निघताना तो म्हणाला होता, "त्या कोंबड्यांना कोण सांगणार, आठवडाभर उपास करा म्हणून?"

पुलाच्या कठड्याशी एक माणूस उभा असलेला वेल्माला दिसला. खाकी कोट, दोन्ही हात डोक्याच्या वर. पुढच्या क्षणी समोरची काच तिच्या अंगावर होती. वीट तिच्या गालाच्या हाडावर आपटून मागच्या बिछान्यावर जाऊन पडली. दुखलं नाही, ते नंतर. आधी फक्त गरम वाटलं. कॉफी सांडली असं समजून तिने तोंडाला हात लावला, आणि हाताला जे लागलं ते कॉफीसारखं नव्हतं.

ओडेलने ट्रक थांबवला नाही. पुलाखाली थांबलं तर दुसरी वीट येते हे सगळ्यांना ठाऊक होतं. एका हाताने चाक आणि दुसऱ्या हाताने, ट्रकवाले आपसांत बोलतात त्या रेडिओचा माईक धरून तो ओरडत राहिला. "एकोणीस नंबरच्या चॅनलवर कोणी आहे का? माझी बायको मरतेय! कोणीतरी बोला!" रेडिओतून नुसती खरखर. अकरा मैल तो ओरडला आणि अकरा मैल कोणी बोललं नाही. फुटक्या काचेतून थंड वारा आत घुसत होता, वेल्माचं डोकं त्याच्या मांडीवर होतं, आणि उजव्या डोळ्यावरचा रुमाल तिने आपणच दाबून धरला होता.

डोळा गेला. गालाचं हाड डॉक्टरांनी तारेने बांधलं. चौथ्या दिवशी दवाखान्यात बर्ल टॅकेट आला, दुसऱ्या ट्रकचा ड्रायव्हर. टोपी हातात घेऊन तो पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. त्या सकाळी तो त्यांच्या दोन मैल पुढे होता, पुलावरचा माणूस त्याने पाहिला होता.

"तीनदा ओरडलो रे," तो ओडेलला म्हणाला. "पुलावर माणूस आहे, एककान्या, बाजू बदल, असं. तीनदा. तू ऐकलंच नाहीस."

एककान्या हे ओडेलचं रेडिओवरचं नाव. कोरियाच्या युद्धात तोफेशेजारी उभं राहून त्याचा डावा कान कायमचा बसला होता. आणि त्याचा जुना रेडिओ डाव्या दाराशीच टांगलेला होता.

वेल्मा डोंगराकडची. सोळाव्या वर्षी कोंबड्या कापायच्या कारखान्यात लागली, सहा वर्षं पट्ट्यावरून येणाऱ्या कोंबड्यांचे पंख तोडले. तिथेच खाद्य घेऊन येणारा ओडेल भेटला. मूलबाळ झालं नाही. घरी एकटीला भिंती खायला उठायच्या, म्हणून ती ट्रकमध्ये त्याच्या शेजारी बसू लागली. ड्रायव्हर हसायचे, "एककान्याने घर सोबत घेतलंय!" ती म्हणायची, "घर नाही, मुकादम."

मे महिन्यात पट्टी सुटली तेव्हा ती म्हणाली, "रेडिओ घ्यायला चल."

"मी आणतो ना. तू कशाला?"

"मागचा तूच आणला होतास."

टायरच्या दुकानामागे हायरम लूनचं रेडिओचं दुकान होतं. लून सैन्यात तारायंत्रावर होता. साठी उलटलेला, तोंडाने फटकळ. ओडेलने फळीवरचा सगळ्यात मोठा, चकचकीत पेटारा दाखवला. "हा द्या. दूरवर पोचला पाहिजे."

"चार वॉट," लून म्हणाला. "त्या लहानग्यालाही चार वॉट आणि या पेटाऱ्यालाही चारच. कायद्याने वर कोणालाच नाही. तोंड सगळ्यांचं सारखंच आहे, बाबा. फरक असतो तो कानात आणि शिंगांत. आधी तुझी शिंगं दाखव."

शिंगं म्हणजे अँटेना. लून ट्रकपाशी गेला, दार उघडलं आणि दाराच्या फटीतून जाणारी केबल ओढून काढली. दोन वर्षं दार तिच्यावर आपटत होतं. केबल एका जागी चपटी होऊन आतली तांब्याची तार उघडी पडली होती. लूनने ती बोटांत धरली आणि एकदा वेल्माच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"ही धड असती तर?" तिने विचारलं.

"असं विचारू नका, बाई."

"विचारतेय मी."

लूनने केबल खाली टाकली. "तर तुमचं बोलणं दहा मैल गेलं असतं. आणि टॅकेटचं तुमच्यापर्यंत आलं असतं. म्हणजे, बहुतेक."

ओडेल तिथल्या तिथे वळला आणि ट्रकच्या दारावर ठोसे मारू लागला. पत्रा वाजत होता. टायरच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन बघत राहिली. पाचव्या ठोशाला त्याच्या बोटांचं हाड मोडल्याचा आवाज वेल्माला ऐकू आला, तरी तो थांबला नाही. ती अडवायला गेली नाही. तिला तो आवाज बरा वाटला, आणि बरा वाटला म्हणून तिला स्वतःचीच भीती वाटली.

रेडिओ तिनेच निवडला. इंजिन चालू ठेवून चार रेडिओ एकामागून एक लावायला लावले आणि डोळा मिटून ऐकलं. मोठ्या पेटाऱ्यात इंजिनची खरखर माणसापेक्षा मोठी यायची. तिसरा दिसायला अगदीच साधा, करड्या पत्र्याचा. पण त्याला खरखर गिळणारं एक बटण होतं. दाबलं की इंजिन मागे सरायचं आणि माणूस पुढे यायचा.

"हा," ती म्हणाली. "आणि आवाज येणारा भोंगा वेगळा हवा, छताला, याच्या उजव्या कानाशी."

"दोघांत मिळून एक डोळा कमी, एक कान कमी," लून म्हणाला. "रेडिओ तरी धड घ्या." असं बोलायची हिंमत तिच्यापुढे त्या वर्षी दुसऱ्या कोणी केली नव्हती. ती दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदा हसली, आणि तारेने बांधलेला गाल दुखला.

लूनने दोन्ही आरशांवर एकेक अँटेना लावली. दोन असल्या की आवाज पुढे आणि मागे जातो, बाजूला वाया जात नाही, आणि रस्ता तर पुढे नि मागेच असतो. मग आवाज किती वाया जातो ते दाखवणारं काट्याचं यंत्र जोडलं. काटा खाली येईपर्यंत अँटेनाची काडी पाव पाव इंच वरखाली करायची. ते काम वेल्मा बंपरवर उभी राहून शिकली. तीन वर्षांनी सरकारने तेवीसऐवजी चाळीस चॅनल दिले तेव्हा तिने नवा रेडिओ आपणच बसवला. केबल दारातून न नेता तळाला भोक पाडून रबराच्या नळीतून घेतली. लून स्टुलावर बसून सिगारेट ओढत नुसता बघत होता.

पण एक गोष्ट तिने कोणालाच सांगितली नव्हती. प्रत्येक पुलाखालून जाताना ती त्या खाकी कोटवाल्याला मारायची. रोज. कधी टायर तपासायच्या दांडक्याने, कधी कारखान्यातल्या सुरीने. पाच वर्षांत तो माणूस तिच्या हातून हजारदा मेला होता.

एकोणऐंशीच्या जूनमध्ये पुन्हा चाकं थांबली. या वेळी ट्रकमध्ये सहा हजार जिवंत कोंबड्या होत्या. ट्रक उभा राहिला की त्या उन्हात तासाभरात मरायला लागतात, म्हणून ओडेल निघाला. दुपारी एकच्या सुमाराला एका डिझेल पंपाजवळ तीन पिकअप आडव्या घालून वाट अडवली गेली. सहा माणसं उतरली.

"काय रे म्हाताऱ्या, संप तुला ऐकू आला नाही वाटतं?"

"एकाच कानाने आला," ओडेल म्हणाला. "पोरांनो, माल जिवंत आहे. टाकून येतो आणि तुमच्याबरोबर बसतो."

एकाने उडी मारून दार उघडलं आणि त्याला गळपट्टीला धरून खाली खेचलं. साखळीचा पहिला फटका पाठीवर बसला, दुसरा तोंडावर. तिसऱ्याच माणसाने बंदूक पिंजऱ्यांवर रोखून दोन बार काढले. पिसं उडाली, आणि फळ्यांमधून रक्ताच्या धारा चाकांवर ओघळू लागल्या. वेल्माने दोन्ही दारं आतून लावली आणि माईक उचलला. आवाज थरथरला नाही.

"एकोणीसवाल्यांनो, मी कोंबडीवाली. जुन्या पुलाच्या पंपावर सहाजण एककान्याला मारतायत. संपवाले असाल तरी या. हा संप नाही, खून आहे."

उत्तर ताबडतोब आलं. एक नाही, चार-पाच आवाज एकावर एक. "आलो, कोंबडीवाली!" "दोन मैलांवर आहे!" "दारं लावून बस!"

दहा मिनिटांत चौदा ट्रक आले. त्यातले निम्मे संपावरचेच, वळणावरच्या धाब्याशी उभे असलेले. ड्रायव्हर दारं सताड उघडी टाकून, इंजिनं चालू ठेवून उतरले आणि त्या सहाजणांवर तुटून पडले. बंदूकवाल्याच्या हातातून बंदूक हिसकावून कोणीतरी तिच्याच दस्त्याने त्याचे दात पाडले. पाचजण कसेबसे पिकअपमध्ये चढून पळाले. साखळीवाला सापडला. हडकुळा, तिशीचा, हिरव्या टोपीचा.

"हा डॉयल रस्क!" कोणीतरी ओरडलं. "मागच्या संपात पुलावरून विटा टाकल्याची फुशारकी मारत असतो हाच!"

ओडेल जमिनीवरून उठला. तोंड रक्ताने भरलेलं. त्याने टायरचं दांडकं उचललं. सगळे बाजूला झाले, त्याला जागा करून दिली.

पहिला फटका हातावर बसला तेव्हा वेल्माला आत खोल कुठेतरी सुख झालं. ते तिने पुढे कधी नाकारलं नाही. दुसरा गुडघ्यावर, तिसरा डोक्यावर. रस्क कोसळला, आणि त्याने तळहात डोळ्यावर दाबून धरला. बोटांमधून रक्त येत होतं. तोंड उघडं, आवाज नाही. अकरा मैल आपण अशाच दिसत असणार, हे तिला त्या क्षणी कळलं. दांडकं पुन्हा वर गेलं.

काच खाली करून ओरडायला वेळ नव्हता. तिने माईकचं बटण दाबलं.

"ओडेल. बास."

चौदा ट्रकांच्या उघड्या दारांतून तिचा आवाज एकदम आला, चहूकडून. माणसं दचकून मागे सरली. ओडेलने मान वळवली, ती कुठे आहे ते शोधू लागला, आणि शोधता शोधता आणखी एक फटका मारला. मग दांडकं टाकलं आणि तिथेच धुळीत बसला.

रस्क वाचला. एक डोळा अधू झाला, गुडघा वाकायचा थांबला. कोर्टात त्याच्या वकिलाने सैन्याचा कागद दाखवला: चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत तो जर्मनीत एका छावणीत स्वयंपाकी होता. पुलावर तो नव्हताच. विटांच्या गोष्टी त्याने दारूच्या टेबलावर रचल्या होत्या, मोठेपणा मिळावा म्हणून. साखळीबद्दल त्याला चार महिन्यांची शिक्षा झाली, ओडेलला नऊ.

तुरुंगात जाळीपलीकडून ओडेल म्हणाला, "मारताना मला बरं वाटलं होतं गं."

"मलाही," वेल्मा म्हणाली. "म्हणून उशिरा बोलले. पहिल्याच फटक्याला बोलता आलं असतं."

ओडेलने जाळीला बोटं लावली. "बाकीच्यांना सांगू नकोस हे."

"तुलाच सांगतेय."

रस्क सुटून आल्यावर ती त्याच्या घरी गेली. काठी टेकत तो दाराशी आला, तिचा चेहरा ओळखला. ती म्हणाली, "माफी मागायला आलेय." तो म्हणाला, "मग माग." तिने मागितली. त्याने ऐकून घेतली आणि दार लावून घेतलं. ती परत कधी गेली नाही.

ओडेल आत असताना लूनने तिला कामाला ठेवलं, आणि तो सुटल्यावरही ती तिथेच राहिली. ट्रकवाले दुरून तिच्याकडे काटा लावून घ्यायला यायचे. केबल दारातून आणलेली दिसली की ती बोलत काही नसे, सरळ कापून टाकायची. ओडेल एकटाच कोंबड्या वाहू लागला. आठवड्यातून दोनदा तो गावाजवळून जायचा तेव्हा दुकानातल्या रेडिओवर ते बोलायचे. गावाच्या अलीकडे बारा मैल, पलीकडे बारा मैल. जेवलास का, पाठ कशी आहे, टॅकेटची मुलगी बाळंत झाली, असलंच काहीबाही, आवाज पुसट होत जाईपर्यंत.