दोरीवरचा ओला शर्ट

भुताखेताचे अनुभव सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली आहे. त्यामुळे तुम्ही माझी केलीत तर तक्रार नाही...

माळेगाव बुद्रुकला माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, घर सांगवीला. नाटकाचं वेड जुनं, पण शिकवणार कोण? म्हणून थोर नटांचे जुने सिनेमे बघायचे – आवाज बंद करून, एकेक सीन तीस-चाळीस वेळा. गेल्या वर्षी एकांकिकेत मला मुलाच्या मृत्यूची बातमी ऐकणारा बाप करायचा होता. तसा सीन एका सिनेमात सापडला. त्यातला म्हातारा नट रडतच नाही. दोरीवरचा मुलाचा ओला शर्ट काढतो, चार घड्या घालतो, काखेत धरतो आणि फाटक उघडायला जातो. बस्स.

त्याच संध्याकाळी बारामतीला तालमीत मी ते करून दाखवलं. दिग्दर्शक सरांनी मोबाईलवर शूट केलं. धाकटा भाऊ संतोष मला न्यायला आला होता. तो हसत म्हणाला, "दादा, आबाच वाटलास की रं."

आठव्या दिवशी संतोषची गाडी उसाच्या ट्रॉलीवर आदळली. जागीच गेला. आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, मीच सांगितलं. ते उठले. दोरीवरचा संतोषचा ओला शर्ट काढला, चार घड्या घातल्या, काखेत धरला... आणि फाटक उघडायला गेले.

महिनाभराने धीर करून तो सिनेमा परत लावला. त्यात तो नट नुसता खाटेवर बसतो. दोरी नाही, शर्ट नाही. दुसरी प्रिंट असेल म्हणून सापडल्या तेवढ्या पाहिल्या – सगळीकडे खाटच. सरांच्या मोबाईलमधला व्हिडिओ मात्र आहे, त्या दिवशीच्या तारखेसकट. मागे संतोषचं हसू ऐकू येतं. मी तो एकदाच पाहिला.

इंदापूरच्या एकांकिका स्पर्धेतून मी नाव काढून घेणार होतो. "त्याला आवडायचं, कर," असं आबाच म्हणाले. मी शर्टाचा प्रसंग काढायला लावला, सेटवरची दोरीसुद्धा. तरी बातमीच्या वाक्याला माझे हात आपोआप वर गेले आणि नसलेल्या शर्टाच्या घड्या घालू लागले. टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेतले आबा उठून गेले.

घरी आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "माझं बघून शिकलास व्हय?"

मी "व्हय" म्हणालो. आठ दिवस आधीपासून येत होतं म्हणालो असतो, तर 'मग त्याला गाडीवर का जाऊ दिलंस' हा पुढचा प्रश्न आला असता. आबा तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत.