वडीसारखी घट्ट जेली

माझ्या हातून झालेला सगळ्यात मोठा मूर्खपणा रॅकभर बाटल्यांत मांडून ठेवला होता, त्यामुळे लपवायची सोयच नव्हती.

नवीन जालन्यात एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत मी नुकतीच लागले होते. केळीचे इवलेसे कोंब काचेच्या बाटलीत, जेलीवर वाढवायचे. जेली गोठवायला अगार पावडर किती घालायची, ते भिंतीवर लिहिलेलं होतं. पण मी पडले सुगरण! बाटली तिरकी केली तर जेली डुगडुगली. वडी अशी डुगडुगली असती तर माझ्या सासूबाईंनी ताट परत पाठवलं असतं. कुणाला न विचारता मी पावडर दुप्पट टाकली. जेली अशी बसली की स्वतःवरच खूश झाले.

तीन आठवड्यांनी कोंब होते तेवढेच, वरून पिवळे. घट्ट जेलीतून त्यांना पाणीच ओढता येईना. प्रयोगशाळेच्या मॅडमना खरं सांगायला मला चार दिवस लागले. तोवर दिव्याला, एसीला, केळीच्या जातीलाही नावं ठेवून झाली होती.

हे इतक्या वर्षांनी परवा आठवलं ते नातीमुळे. ती पुण्याला प्रयोगशाळेत माणसाच्या स्टेम सेल वाढवते. पुढं काय व्हायचं ते अजून न ठरलेल्या पेशी. प्लास्टिकच्या कडक ताटलीत त्यांना शरीरासारखं वाटत नाही, म्हणून ती त्यांच्यासाठी मऊ जेली बनवते. तिला चेतापेशी, म्हणजे मेंदूतल्या पेशी, हव्या होत्या; त्यासाठी जेली मेंदूइतकी मऊ लागते.

सुट्टीत घरी आली ती जेवेचना.

"आज्जे, मी हे काम सोडून देऊन राह्यले. उचलताना जेली फाटायची, म्हणून मीच घट्ट केली. पेशी मेंदूऐवजी हाडाच्या वळणाला लागल्या. दोन महिने पाण्यात. आमच्या सरांना वाटतंय, पेशीच खराब आल्या."

मी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

"हसायला काय झालं?"

मंग मी तिला केळीचे कोंब सांगितले.

"म्हंजे हे खानदानीच आहे!"

"आहे ना. आता आधी सरांना खरं सांग. चार दिवस दुसऱ्याच्या नावानं खडे फोडू नको."

"काढून टाकतील मला."

"मला न्हाई काढलं. सगळ्या बाटल्या घासायला लावल्या. घासल्या, अन् भिंतीवर लिहिलेल्या मापानं बराबर पुन्हा लावल्या."

"आणि परत फाटली तर?"

"हात हलका कर की! जेली कशाला बदलते?"

दोन दिवस सुट्टी उरली होती, तरी दुसऱ्या दिवशी सकाळच्याच गाडीनं ती निघाली. आठवड्यानं फोन आला.

"आज्जे, सरांना सांगितलं. भरपूर बोलणी खाल्ली. पहिल्यापासून परत लावून राह्यले. जेली अशी डुगडुगती झालीय, तुझ्या सासूनं बिलकुल नापास केली असती."